नाव नंतर कळवू

शॉमबर्ग
२७ जून २०२५

शुभाकाकूंना आणि प्रल्हादकाकांना नीलांबरीचा नमस्कार.

मी ईशानची बायको. मागच्या दिवाळीला आम्ही आयसेलिनला तुमच्या घरी आलो होतो, तेव्हा तुम्ही मला हिरवी साडी दिली होती. ती मी अजून नेसले नाही, जपून ठेवली आहे.

ईशान म्हणाला, काकूंना फोनवर काही कळत नाही, कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. मला मोबाईलवर मराठी लिहिता येत नाही, बोट भलतीकडे जातं. म्हणून पत्र लिहिते. मी दहावी नापास आहे पण शाळेत अक्षर चांगलं होतं. तेवढंच चांगलं होतं.

सांगायचं म्हणजे मला मुलगी झाली. २१ तारखेला. ती बरी आहे, मीही बरी आहे. ईशान खूश आहे. तुम्हाला माहीत असेल, त्याचं काम त्या खेळांच्या ॲपचं आहे. रोज सकाळी ॲपवर येतं ना, आजच्या दिवशी कोण खेळाडू जन्मला, कोण गेला, कोणी काय विक्रम केला, ते सगळं तो भरतो. आता तेच तो मुलीला वाचून दाखवतो. तिला इंग्लिश कळायला लागलं तर पहिला शब्द बेसबॉलच येईल. माझ्या मांडीवर ती अजून फार येत नाही, पण त्याचा आवाज ऐकून हात हलवते.

एक विचारायचं होतं. मुलीचं नाव दगडी किंवा धोंडी असं ठेवलं तर इथे अमेरिकेत चालतं का? सरकारी कागदावर? ईशानला विचारलं की तो चिडतो आणि खोलीच्या बाहेर जातो. तुम्ही इथे खूप वर्षं आहात, तुम्हाला नियम माहीत असतील.

माझी आई येणार होती, पण व्हिसाची तारीखच ऑगस्टमधली मिळाली आहे.

तुमची
नीलांबरी


आयसेलिन
२ जुलै

प्रिय नीलू,

पत्र हातात पडलं आणि मी भर दुपारी साखर वाटली. वाटली म्हणजे काकांनाच दिली, आणि त्यांना डायबेटिस आहे, म्हणून मीच खाल्ली. मुलगी झाली. छान झालं. अगदी छान.

धोंडी वाचून हसू आलं. पण कोणाला सांगू नकोस, हल्ली हीच फॅशन आहे. आमच्या समोरच्या अस्मिताने नातीसाठी असं पणजीच्या काळातलं नाव शोधून काढलंय की भटजीसुद्धा दोनदा विचारतात. नियमाचं म्हणशील तर इथे काहीही चालतं. लोक मुलांना फळांची नावं ठेवतात, गावांची ठेवतात. पण धोंडी नको गं. शाळेत मास्तरीण म्हणेल "डॉन्डी". मी खाली काही नावं लिहिते, बघ: आश्लेषा, रुचा, नेत्रा. ईशानला मऊ नाव आवडेल, लहानपणापासून तसाच आहे.

बारसं कधी करताय ते कळव. ओक ट्री रोडवर चांदीचे वाळे बघून ठेवलेत. सोनार म्हणाला, बाळाच्या पायाचं माप द्या. तर दोऱ्याने माप घे आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव.

काका म्हणतात, ईशानला सांग की त्यांच्या त्या हरणाऱ्या बेसबॉल टीमबद्दल, मेट्सबद्दल, चांगलं काही असेल तर तेवढंच मुलीला वाचून दाखव. मग त्याला फार वाचावं लागणार नाही.

तुझी
शुभाकाकू


शॉमबर्ग
७ जुलै

शुभाकाकू,

दोरा पाठवत नाही. पायाचं माप घेता येत नाही. तिच्या पायाला वायर लावली आहे, त्यातून लाल दिवा दिसतो.

मी पहिल्या पत्रात नीट लिहिलं नाही. ती दोन महिने आधी आली. हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत आहे. आपल्याकडे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या मिळतात ना, तशा तीन एकत्र धरल्या तर जेवढं वजन लागतं तेवढी आहे. मी घरी आले, ती नाही आली. रोज सकाळी ईशान मला तिथे सोडतो आणि ऑफिसला जातो. संध्याकाळी येतो, पेटीच्या भोकातून हात आत घालतो, तिच्या डोक्यावर ठेवतो आणि यादी वाचतो. दुसरं काय बोलायचं ते त्याला सुचत नाही. मलाही नाही सुचत.

तिथे नीना नावाची गुजराती नर्स आहे, हिंदीत बोलते. तिने पहिल्या दिवशी मला सांगितलं, "डरना है तो बाहर डर के आओ, अंदर हाथ ठंडे नहीं चाहिए." तर मी बाहेर घाबरून येते आणि मग आत जाते.

ती दोन दिवसांची होती तेव्हा ईशानने तिला एका पळणाऱ्या बाईचं वाचलं. विल्मा रुडॉल्फ. तीपण आधी जन्मली होती, लहानशी. मग पायाला आजार झाला, पट्टे लावून चालायची. आणि नंतर ऑलिंपिकमध्ये तीन सोन्याची पदकं. मी विचारलं, किती वर्षं जगली? मी सगळ्यांचं तेच विचारते. पदकांचं मला काय करायचं. ईशान म्हणाला, ते पान उघडत नाहीये, नेट गेलंय.

आता धोंडीचं सांगते. ती फॅशन नाही काकू. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. मी झाले तेव्हा आईने मला शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. गिरणीवाल्या मावशीने मूठभर कोंडा आईच्या पदरात टाकला आणि मला उचललं. झाला सौदा. मग मावशी म्हणाली, ही माझी मुलगी, तू सांभाळ. म्हणजे वरून कोणी बघायला आलं तर त्याला वाटावं, त्या बाईचं मूल विकून गेलं, आता तिच्याकडे काही न्यायला नाही. माझं नाव कोंडी ठेवलं. लग्नापर्यंत कोंडीच होते. लग्नात तुमच्याकडच्यांनी ताटात तांदूळ पसरून नीलांबरी लिहिलं, तेव्हा मला माझं नाव वाचायला वेळ लागला. ईशानने मला पहिल्यांदा बघितलं तेपण गिरणीतच, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरी.

मी जगले. आई म्हणते कोंड्यामुळे जगले. मला खरं माहीत नाही, पण जगले हे तर खरं आहे.

इथे मुलीच्या पेटीवर चिठ्ठी आहे, बेबी गर्ल आणि आमचं आडनाव. कागदाचं काम करणारी बाई दर दोन दिवसांनी विचारते, नाव ठरलं का. ईशानला रुचा ठेवायचं आहे. चांगलं नाव आहे. म्हणूनच मला भीती वाटते. मी त्याला म्हटलं, नाव नाही तर नाही, निदान विकू तरी. तो म्हणाला, "माझी मुलगी मी विकणार नाही, हा शब्द पुन्हा काढू नकोस." मग पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला.

इथे शेजारी एकच म्हातारा आहे आणि त्याचा कुत्रा. त्याला काय सांगू? माझं इथे तुमच्याशिवाय कोणी नाही. काकू, तुम्ही तिला विकत घ्याल का? मूठभर कोंड्याला. ईशानला आत्ता सांगू नका.

नीलांबरी


आयसेलिन
१२ जुलै

नीलू,

"मांडीवर ती अजून फार येत नाही." हे वाक्य तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि पुढे गेले, वाळे बघायला. मला क्षमा कर.

आता मोठ्या माणसासारखं लिहिते, रागावू नकोस. इतक्या लहान मुलांना इथे फार चांगलं सांभाळतात. आमच्या ओळखीच्या गिरीशची मुलगी अशीच पेटीत होती, परवा ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन आली आणि माझ्या गुलाबांवर गाडी घातली. तू जेवतेस का? डिंकाचे लाडू पाठवलेत. रोज एक खायचा. ईशानला द्यायचा नाही.

कोंड्याचं मात्र मला जमणार नाही. मी असलं मानत नाही, असं लिहिणार होते. लिहून खोडलं. खरं कारण दुसरं आहे. तुला माहीत आहे, आम्हाला मूल नाही. लोक विचारायचे तेव्हा मी हसण्यावारी न्यायची, आता कोणी विचारतही नाही. तू म्हणतेस, एक मूठ टाकायची, मूल उचलायचं, माझं म्हणायचं आणि परत द्यायचं. तुझ्या गिरणीवाल्या मावशीला स्वतःची चार असतील. तिला ते सोपं होतं. मी एकदा माझी म्हटलं आणि मग परत द्यायला माझं मन झालं नाही, तर काय करू? या वयात मला असा खेळ खेळता येणार नाही. दुसरं काहीही माग.

तुझी
काकू

ता. क. नीलांबरी, मी प्रल्हादकाका. विल्मा रुडॉल्फचं वाचून आनंद झाला. रोममध्ये १९६० साली ती काय पळाली होती. लोक उभे राहून बघत होते. बिचारी चोपन्नाव्या वर्षीच गेली. पण नाव करून गेली. धीर धर.


शॉमबर्ग
२३ जुलै

शुभाकाकू,

पत्राला उशीर झाला. मधले दिवस वाईट गेले. ती श्वास घ्यायला विसरायची. लहान मुलं विसरतात म्हणे. मशीन ओरडायचं, नीना येऊन तिच्या तळव्याला टिचकी मारायची, "ए छोकरी, सांस ले," आणि ती घ्यायची. असं पुन्हा पुन्हा. मी बघायची आणि माझाच श्वास थांबायचा. एकदा नीना मलाच म्हणाली, "आप भी लीजिए." आता सोमवारपासून एकदाही विसरली नाही. तोंडाने दूध घेते, थोडं थोडं. लाडू मी खाते. ईशानने दोन चोरले.

काकांचा ताजा कलम वाचून मी संध्याकाळी ईशानला विचारलं, ती विल्मा चोपन्नाव्या वर्षी गेली हे तुला माहीत होतं ना. तो पुढची यादी वाचायला लागला. मग त्याचा लॅपटॉप मी माझ्याकडे वळवला. मला इंग्लिश वाचायला वेळ लागतो पण आकडे येतात. यादीत रोज तीन भाग असतात. जन्म, मृत्यू, विक्रम. मुलीला तो दोनच वाचत होता. इतके दिवस मधला भाग गाळून, एक अक्षर न अडखळता. मी म्हटलं, मला वाटायचं, तुला भीती वाटत नाही. तो म्हणाला, "ऑफिसमध्ये मी दिवसभर कोणाचे तरी मृत्यू भरतो, नीलू. इथे आल्यावर माझ्या तोंडातून ते निघत नाहीत." आणि मग रडला. मीही रडले. नीनाने आम्हाला दोघांना बाहेर काढलं, म्हणाली आधी हात गरम करून या.

त्यानंतर मी म्हटलं, आता सगळं वाच, मधलंपण. माणसं जन्मतात आणि जातात हे तिला कळू दे, फक्त उशिरा जाऊ दे. तेव्हापासून तो सगळं वाचतो. तर या महिन्यातल्या वाढदिवसांत एक जुना बॉल टाकणारा होता, जो मार्टिना. त्याला एका टीमने दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं, दोन पिंपं ऑयस्टरच्या बदल्यात. ऑयस्टर म्हणजे शिंपल्यातलं काहीतरी, लोक खातात. मी म्हटलं, माणूस दिला? शिंपल्यांसाठी? ईशान हसायला लागला. म्हणाला, हे काहीच नाही, एकाला टर्कीच्या बदल्यात दिलं होतं. टर्की म्हणजे तो कोंबडीसारखा मोठा पक्षी. याला ट्रेड म्हणतात, इथे सगळे खेळाडू असे इकडून तिकडे जातात. मी विचारलं, मग त्या शिंपल्यावाल्याचं काय झालं? तो वाचत गेला. पुढे तो वॉशिंग्टनच्या टीममध्ये गेला, मोठ्या स्पर्धेत खेळला, ती टीम जिंकली. आणि सत्तरी ओलांडून गेला.

मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले काकू. त्यालाच समजलं. लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "तुझी आई कोंड्याबद्दल काय सांगत होती, पुन्हा सांग."

मी सगळं सांगितलं. गिरणी, उंबरा, पदर. तो म्हणाला, "म्हणजे हा ट्रेडच आहे. यार, मग असं सांगायचं ना. विकणं म्हटलं की मला बाजार दिसतो." मी म्हटलं, आता घेणारीच नाही म्हणते. मग त्याला तुमचं पत्र दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. त्याला वाटायचं, काकू नेहमी हसतात, त्यांना काही वाटत नाही.

काकू, तुम्ही जे कारण लिहिलंत ते मी खूप वेळ मनात घोळवलं. तुम्ही म्हणता, परत द्यायला मन झालं नाही तर. पण मला तसंच कोणी हवं आहे. जिला परत देताना काहीच वाटणार नाही तिला विकून काय उपयोग? वरून बघणारा काय आंधळा आहे? गिरणीवाल्या मावशीला चार नव्हती, तिलापण एकही नव्हतं. हे मी आधी लिहायला हवं होतं. दर दिवाळीला मला फ्रॉक आणायची. माझ्या लग्नात आईपेक्षा जास्त तीच रडली, आणि मी दोघींच्या पाया पडले. मला दोन आया होत्या, त्यात माझं काही वाईट झालं नाही. तिचंही झालं नाही.

जबरदस्ती नाही. नाही म्हणालात तरी पुढच्या दिवाळीला आम्ही येऊच.

नीलांबरी


आयसेलिन
२९ जुलै

नीलू,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं आणि भाजी करपली. काकांनी काही न बोलता खाल्ली, त्यावरून समजलं की त्यांनी ते माझ्या आधीच वाचलंय.

जेवण झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. माझ्या कानाशी येऊन मोठ्याने सांगतात, तसं सांगितलं. म्हणाले, शुभा, १९६२ साली आमच्या मेट्सने दुसऱ्या टीमकडून एक कॅचर, म्हणजे बॉल झेलणारा, आणला, हॅरी चिटी. बदल्यात कोण द्यायचा ते ठरलं नव्हतं. बेसबॉलमध्ये तशी सोय आहे, आत्ता घ्या, बदल्यातल्या खेळाडूचं नाव नंतर कळवू. थोडे दिवस झाले, आणि मेट्सने बदल्यात कोण दिला? तोच. हॅरी चिटी. स्वतःच्याच बदल्यात परत गेला. मी म्हटलं, हे तुम्ही आत्ता रचलंत. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. मग म्हणाले, घेतलेलं परत देणं ही काही फसवणूक नाही, त्याची इथे रीत आहे, नोंद आहे. आणि तो थोडे दिवस मेट्सचा होता, हे कोणी पुसू शकत नाही.

एवढं बोलून ते टीव्ही लावायला गेले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. या विषयावर आम्ही इतकं पहिल्यांदाच बोललो. तेही बेसबॉलमधून.

मी घेते तुझी मुलगी.

आता कोंडा. ओक ट्री रोडवर कोंडा मागणं किती अवघड आहे तुला कल्पना नाही. पहिल्या दुकानात म्हणाला, आंटी, पीठ घ्या, कोंडा कशाला. दुसऱ्याने ओट्सचा दाखवला. म्हणाला, कोलेस्टेरॉलला चांगला. मी म्हटलं, मला कोलेस्टेरॉल नको, मुलगी घ्यायची आहे. तो दोन पावलं मागे सरकला. शेवटी अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गव्हाचा मिळाला, सुंदर डब्यात, वर शेताचं चित्र. त्यातली एक मूठ, माझ्या मुठीने मोजलेली, या पाकिटात घातली आहे. काका म्हणाले, पोस्टात पकडतील. मी म्हटलं, पकडू देत, खरं ते सांगेन.

माझी एक अट आहे. मुलगी माझी, तर नाव मी ठेवणार. तुमचं दोघांचं भांडण तिथेच संपतं. आणि मी माझ्या मुलीला दगड-धोंडा म्हणणार नाही, सांगून ठेवते. तिचं नाव ऋता. हे नाव माझ्याकडे बरीच वर्षं नुसतं पडून आहे. कोणाला दिलं नाही.

तुझी
काकू


शॉमबर्ग
१४ ऑगस्ट

शुभाकाकू,

ती घरी आली. काल. हे सगळ्यात आधी लिहायला हवं म्हणून लिहिते. आता सावकाश सांगते.

तुम्ही व्हिडिओवर बघितलंत, पण तुम्हाला ऐकू आलं नसेल आणि आमचा फोन हलत होता, म्हणून इकडचं सगळं लिहिते. कोंडा आला त्या दिवशी मी तुमची हिरवी साडी नेसून हॉस्पिटलला गेले. पार्किंगपासून सगळे बघत होते. नीनाने पाकीट बघितलं आणि म्हणाली, "ये धूल अंदर नहीं जाएगी." मी तिला सांगितलं हे काय आहे. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "हमारे यहाँ भी करते थे. मेरे मामा ऐसे ही बिके थे." मग तिनेच सगळं ठरवलं. बाळाला पेटीतून काढून चाकाच्या पाळण्यात घातलं आणि काचेच्या दाराशी आणून उभी राहिली. दाराच्या अलीकडे मी, पदर पसरून. ईशानने एका हातात फोन धरला, त्यात तुम्ही, आणि दुसऱ्या हाताने तुमच्या वतीने कोंडा टाकला. अर्धा पदरात पडला, अर्धा जमिनीवर. एक डॉक्टर जात होते, ते थांबले, ईशान त्यांना म्हणाला, "इट्स अ ट्रेड." ते म्हणाले, "ओके," आणि गेले.

मग मी म्हटलं, काकू, ही तुमची. तुम्हाला ऐकू आलं नाही. मागून काका ओरडले, "तुझी म्हणतेय, तुझी." ते आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू आलं. तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत, फोनच्या दिशेने. किती वेळ तसेच धरलेत. ईशानने फोन पाळण्याजवळ नेला, काचेपर्यंत. तुम्ही काहीतरी बोललात पण तेव्हा आवाज अडकला. काय बोललात ते मी विचारणार नाही. तिच्याशी बोललात, माझ्याशी नाही.

मग तुम्ही हात खाली घेतलेत आणि मान हलवलीत, म्हणजे घेऊन जा. मी बघितलं, तुम्हाला जड गेलं. मला त्याने धीर आला काकू. वाईट वाटायला हवं होतं, पण धीर आला.

त्या दिवसापासून मी तिला हाक मारते. त्याआधी मी तिला काहीच म्हणत नव्हते, ए, अगं, एवढंच. चांगलं नाव तोंडात आलं की जीभ मागे जायची. मग पेटीजवळ वाकून मोठ्याने म्हणायला लागले, ऋता. दुसऱ्याच्या मुलीला चांगल्या नावाने हाक मारायला कसली भीती. आधी भीती जाते आणि मग आपण किती वेळा ते नाव घेतो ते मोजतही नाही. ईशान म्हणतो, मी तिला झोपू देत नाही.

परवा कागदवाली बाई आली. नेहमीसारखं दारातूनच विचारलं, नाव ठरलं का. ईशानने अक्षरं सांगितली, तिने लिहिली, म्हणाली फार गोड आहे. मी म्हटलं, हिच्या आईने ठेवलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मग पुढचा रकाना, आईचं नाव. मी थांबले. ईशान माझ्याकडे बघत होता, तोही थांबला. ती बाई पेन धरून उभी. शेवटी मी माझंच नाव सांगितलं, कारण ते सरकारी आहे, तिथे कोंडा चालत नाही. तुम्ही रागावणार नाही असं वाटलं.

काल गाडीत तिला मागे त्या खुर्चीत बांधलं तर ती खुर्चीत दिसतच नव्हती, नुसती टोपी दिसत होती. ईशानने इतकी हळू गाडी चालवली की मागचे सगळे हॉर्न मारत होते. घरी आल्यावर काय करायचं आम्हाला समजेना, म्हणून आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. भीती आहे अजून. मशीन नाही, लाल दिवा नाही, नीना नाही. मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. पण आता बोट धरून बघितलं की श्वास लागतो, आणि मी उठून पोळ्या करते. इतके दिवस पोळ्या केल्या नव्हत्या. काल ईशानने सात खाल्ल्या.

आईचा व्हिसा झाला, ती सप्टेंबरात येते. तिला तुम्हाला भेटायचं आहे. म्हणते, देणारी आणि घेणारी यांनी एकदा समोरासमोर बसून चहा घ्यावा लागतो, नाहीतर सौदा कच्चा राहतो. असं काही असतं का मला माहीत नाही, मला वाटतं तिला तुम्हाला बघायचंच आहे.

तर काकांना म्हणा, तिकीट काढा. पायाचं माप घेऊन ठेवलं आहे पण पाठवणार नाही, तुम्ही स्वतः येऊन दोरा लावून बघा. ऋता तुमची आहे यात वाद नाही. पण दूध माझ्याकडेच पिते, तेव्हा तोपर्यंत मी ठेवून घेते.

नीलांबरी